काटा खालीच होता

शाहूपुरीत महालिंगअण्णांचं हळद-गुळाचं दुकान आहे. दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्यांची पांढरी, सात माणसांची डिझेल गाडी वर्ष होत आलं तरी ताडपत्रीखाली उभी होती. ताडपत्री नवीकोरी होती. ज्या गाडीचं नाव काढलं तरी अण्णांचं तोंड कडू व्हायचं, तिच्यावर त्यांनी नवी ताडपत्री का घालावी, हा प्रश्न शेजारच्या भांडीवाल्याला बरेच दिवस छळत होता. उत्तर सोपं होतं. अण्णांचा राग गाडीवर नव्हता, गुंडूवर होता. गाडी ही मालमत्ता; मालमत्तेवर रागावण्याइतके अण्णा उधळे नव्हते.

गुंडू हा त्यांचा उचगावचा ड्रायव्हर. बसवेशच्या, म्हणजे अण्णांच्या मुलाच्या बारशापासून घरात वावरलेला. बसवेश त्याला मामा म्हणायचा.

अण्णांची थोरली बहीण संकेश्वरला असायची. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच अण्णांना न्हाऊ-माखू घालून वाढवलं. सगळे तिला अक्का म्हणत. साठी उलटलेल्या, बाजारात ज्यांच्यापुढं दलाल आवाज खाली करायचे अशा अण्णांना धाकटा भाऊ म्हणून "तम्मा, पोट आत घे" असं दटावणारं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी भाच्याचा फोन आला, "मामा, अक्का तुमचंच नाव घेतीया. निघा."

गाडी निघाली. निपाणी मागं पडली, तवंदीचा घाट लागला आणि चढाच्या मध्यावर इंजिनाचा आवाज फिरला. बॉनेटखालून पांढऱ्या वाफेचा लोट आला, गुंडूनं इंजिन बंद केलं आणि गाडी थांबली ती थांबलीच. गुंडूनं उतरून बॉनेट उघडलं, त्यात हात भाजून घेतला.

"टेंपरेचरच्या काट्याकडं ध्यान न्हवतं व्हय रं तुझं?" अण्णा ओरडले.

"हुतं की मालक. काटा खालीच हुता."

"खाली हुता तर इंजिन उकळलं कसं?"

"त्येच कळंना झालंय. काटा खालीच हुता, आईशप्पत."

अण्णांनी रस्त्यात उभं राहून टोमॅटोचा टेम्पो थांबवला आणि क्रेटांच्या मधे बसून ते संकेश्वरला गेले. गुंडू घाटात गाडीजवळ राहिला. अण्णा पोचले तेव्हा अक्काला भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती होती, गळ्यात हार होता. लिंगायतांत माणसाला बसवूनच माती देतात, त्यामुळं दारातून पाहणाऱ्याला क्षणभर वाटतं, आता बोलेल. ती बोलली नाही. "शेवटपातूर दाराकडं बघत हुती," भाचा म्हणाला. त्यानं ते म्हणायला नको होतं; पण शोकात माणसं हिशेब ठेवून बोलत नाहीत.

कोल्हापूरला परतल्यावर अण्णांनी गुंडूला एवढंच सांगितलं, "उद्यापासनं येऊ नको." पगार पैन् पै दिला. अण्णा कुणाचा पगार कापत नसत. त्यांनी नाव कापलं. पुढं बिद्रीच्या एका ऊस वाहतूकदारानं फोनवर विचारलं, गुंडू तुमच्याकडं होता म्हणं, माणूस कसा आहे? अण्णा म्हणाले, "इंजिन जाळतोय आणि वर खोटं बोलतोय." नोकरी तिथंच राहिली.

त्यांची बायको शांतादेवी तेव्हा भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हळकुंड मोडून दावल्याबिगर कवा भाव सांगत न्हाईसा. माणसाचा भाव मातूर फोनवरच सांगून मोकळं झालासा."

"तू भाजी निवड," अण्णा म्हणाले. पण बोलणं लागलं, कारण ते खरं होतं. हळदीचं पोतं सोडायचं, मधलं हळकुंड काढायचं, गिऱ्हाईकासमोर मोडायचं, आतला रंग दाखवायचा आणि मगच भाव बोलायचा, हा त्यांच्या वडिलांचा शिरस्ता. वरचा रंग कुणीही चढवतो.

तर या वर्षी गाडीचा विमा भरायची वेळ आली आणि बसवेशनं विषय काढला.

"अप्पा, उभ्या गाडीचा विमा कशासाठी भरायचा? एक तर दुरुस्त करूया, न्हाईतर काढून टाकूया. मी वर्षाराणीच्या गॅरेजला टोचन लावून, दोरानं ओढून पाठवतो. ती खोलून सांगंल."

"पाठव," अण्णा म्हणाले. खोलण्याचे पैसे वेगळे लागतील, हे त्यांनी मनात लिहून ठेवलं.

गाडी उद्यमनगरला गेली. वर्षाराणीचा निरोप यायचा होता, त्याच्या आदल्या संध्याकाळी अण्णांना दुसराच फोन आला. दूधवाले विजयसिंह. त्यांच्या म्हाताऱ्या आईला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागायचं.

"अण्णा, उचगावचा गुंडू आलाय माझ्याकडं. हात चांगला वाटतोय. पण बाजारात कायबाय ऐकतोय. आईच्या जिवाचा मामला हाय, म्हणून तुमास्नी इचारतो. तुमी हो म्हटलासा तर घेतो, न्हाई म्हटलासा तर उद्याच्याला नको म्हणून सांगतो."

'इंजिन जाळतोय' हे वाक्य अण्णांच्या ओठांवर तयारच होतं. शांतादेवी समोर बसलेली होती. तिनं भाजीची परात बाजूला सारली.

"उद्या सांगतो," अण्णा म्हणाले.

वर्षाराणीचं गॅरेज तिच्या वडिलांचं. वडील गेल्यावर भाऊ म्हणाले, विकूया; ती म्हणाली, चालवूया; आणि चालवलं. तिला कुणी ताई म्हटलेलं चालायचं, मॅडम म्हटलेलं चालायचं. "मिस्त्री कुठं हायत?" म्हणून विचारलेलं चालायचं नाही. तसं विचारणाऱ्याच्या बिलात ते दिसायचं.

अण्णा आणि बसवेश गेले तेव्हा गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, बाकावर पालथं पडलं होतं.

"बसा अण्णा. च्या सांगू?"

"आधी इंजिनाचं सांग."

तिनं पोलादी पट्टी उचलली आणि हेडच्या सपाट अंगावर उभी धरली. मागं टॉर्च लावली. पट्टीखालून उजेडाची बारीक फट दिसली.

"दिसलं? ही फट दिसायला नको. हेड वाकलंय. तापून वाकलंय. त्यात सांध्यातलं गॅस्केट उडालं, पाणी ऑइलमधी शिरलं. ऑइल बघा, ताक झालंय. पण खालचा भाग बरा हाय. क्रँक, बेरिंग शाबूत. ड्रायव्हरनं वाफ बघितल्या बघितल्या बंद केलेली दिसतीया. आणखी थोडी रेटली असती तर खालचंबी जाम झालं असतं, मग माझ्याकडं न्हाई, भंगारवाल्याकडंच न्यायची हुती."

अण्णांनी हे ऐकून घेतलं.

"खर्च?" बसवेशनं विचारलं.

"हेड घासून सपाट करायचं, म्हंजी फेस मारायचा, रेडिएटर नवा, वॉटर पंप, गॅस्केट सेट, पाइपा. सव्वा लाखाच्या आत बसत न्हाई. आत्ताच सांगते, बिल बघून तोंड वाकडं करायचं न्हाई. करून विकलीसा तर दोन लाख येतील. अशीच उचलून दिलीसा तर नव्वद हजार मीच देते."

बसवेशनं बापाकडं पाहिलं. बापानं आकडा मांडून केव्हाच पुसला होता. "परवडत न्हाई," अण्णा म्हणाले. "दे नव्वद."

व्यवहार संपला होता. पण वर्षाराणीला काम दाखवल्याशिवाय राहवत नसे. तिनं बाकाखालून एक पत्र्याचा ट्रे ओढला. ट्रेमध्ये तांबूस-तपकिरी गाळ वाळून त्याचे खडे झाले होते.

"आता रोग कशानं झाला ते बघा. रेडिएटरच्या नळ्यांत ही माती गच्च बसलीया. पाणी फिरणार कुठनं? आणि ह्यो बघा, पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर." तिनं करंगळीएवढा पितळी तुकडा दाखवला. त्याच्यावर तोच गाळ पुटंच्या पुटं चढला होता. "ह्येला बाहेरचं काय कळणार? गोधडी पांघरून झोपलाय ह्यो. इंजिन आत उकळतंय आणि काटा आपला खालीच."

अण्णांनी विचारलं, "काटा कुठं?"

"खाली. अजिबात वर जाणार न्हाई. ड्रायव्हर बिचारा डोळं फाडून बघत बसला तरी त्याला कळायचं न्हाई."

गॅरेजात कुठंतरी ग्राइंडर चालू होता तो थांबला. बसवेश हळूच म्हणाला, "म्हणजे मामा खरं बोलत होता."

"काट्याचं खरं," वर्षाराणी म्हणाली. "पण माती कुणी घातली? त्यानंच की! ओढ्याचं गढूळ पाणी भरलं असंल रस्त्यात. ड्रायव्हर लोकं आळशी, कूलंटचा डबा काढायचा कंटाळा. एवढं मातूर त्याच्याच खात्यावर."

अण्णांना जरा बरं वाटलं. आणि बरं वाटलं हे त्यांच्या लक्षातही आलं. एका हातानं गेलेलं दुसऱ्या हातानं परत आल्यासारखं. काटा खाली होता खरा, पण माती त्यानंच घातली. म्हणजे विजयसिंहांना 'नको'च सांगायचं.

त्यांनी ट्रेमधला एक खडा उचलला. कशाला उचलला? सवयीनं. समोर ट्रे आला की त्यातला नग हातात घ्यायचा, ही बोटांची सवय. खडा बोटांत घोळवला. मातीसारखा जड नव्हता. नखानं दाबला, अंगठा आणि बोटात धरला आणि मोडला.

आत पिवळं होतं.

त्यांनी तो नाकाशी नेला. डिझेलचा, जुन्या पाण्याचा, कुजका वास. आणि त्याच्या तळाशी, फार लांबून यावा तसा, त्यांच्या दुकानाचा वास.

तेवढ्यात त्यांना सगळं आठवलं, म्हणजे ते विसरलेच नव्हते, फक्त त्याची किंमत त्यांना ठाऊक नव्हती. गेल्या वर्षी माघात रेडिएटरला बारीक गळती लागली होती. सांगलीहून माल घेऊन आलेला ट्रकवाला म्हणाला, मूठभर हळद टाका शेठ, गळती बंद. गुंडू जेवायला गेला होता. अण्णांनी दळलेल्या हळदीच्या उघड्या पोत्यातली मूठ टाकली आणि गळती बंद झाली की! नव्या रेडिएटरचे पैसे वाचले, याचा आनंद त्यांनी कुणाला न सांगता एकट्यानं उपभोगला. पुढं संकेश्वरला निघायच्या सकाळी गाडीखाली पुन्हा चार थेंब दिसले. लांबचा पल्ला, अक्का वाट बघतेय. गुंडू पाण्याच्या बाटल्या आणायला आत गेला तेवढ्यात त्यांनी झाकण फिरवलं आणि या खेपेला मूठ मोजली नाही.

वर्षभरात एकदाही त्यांनी या दोन गोष्टी एकमेकींशेजारी मांडल्या नव्हत्या. कशा मांडणार? हळद जखमेत भरतात, दुधातून देतात, नव्या नवरीला लावतात. तीन पिढ्या ज्या वस्तूवर जगल्या, तिनं कुणाचं वाईट केल्याचं त्यांनी ऐकलंच नव्हतं.

"टाकू का ह्ये?" वर्षाराणीनं ट्रे उचलला. कोपऱ्यात कचऱ्याचं पिंप होतं.

ट्रे पिंपात गेला की संपलं. बसवेश विमा एजंट; त्याला हळद आणि विटकरीचा चुरा यातला फरक सांगता आला नसता. वर्षाराणी म्हणतेय माती, तर माती. विजयसिंहांना 'नको' म्हणायचं, नव्वद हजार घ्यायचे. कुठंही काही राहत नव्हतं. अण्णांनी हे सगळं पाहिलं. बाजारात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला ते न दिसणं शक्यच नव्हतं.

"थांब," ते म्हणाले. "ती माती न्हाई."

"मग?"

"राजापुरी."

"काय?"

"हळद. राजापुरी हळद हाय ती. आमच्या दुकानातली." त्यांनी मोडलेला खडा तिच्या तळहातावर ठेवला. "चुन्याचं पाणी लागलं की हळद लाल व्हती. कुंकू तसंच करत्यात. आत बघ, पिवळी हाय. मी घातलो. गुंडूला ठावं न्हाई."

वर्षाराणी हसायला लागली होती, ती अण्णांचं तोंड बघून थांबली. बसवेशला घाट आठवला. त्या दिवशी गाडी दोर लावून ओढून आणायला तोच गेला होता. मामा दरडीच्या सावलीत भाजलेला हात पाण्याच्या बाटलीत घालून बसलेला त्यानं पाहिला होता.

अण्णा गॅरेजबाहेर गेले आणि विजयसिंहांना फोन लावला.

"माणूस चोख हाय. आईला बिनघोर त्याच्या हातात द्या."

"मग ते इंजिनाचं काय म्हणं?"

"इंजिन मी जाळलो."

"काय थट्टा करतासा अण्णा!"

"मी थट्टा करतो व्हय कवा?"

"न्हाई, ते बी खरं," विजयसिंह म्हणाले. "घेतो मग त्याला."

मग त्यांनी बिद्रीलाही फोन केला. वाहतूकदारानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आता काय उपयोग ओ अण्णा? तवाच दुसरा माणूस ठेवला की. हंगामबी उरकत आला." पलीकडून फोन बंद झाला तरी अण्णा तो कानाशी धरून उभे होते.

दिवस कलताना ते रिक्षानं उचगावला गेले. बसवेश येतो म्हणाला, त्याला नको म्हटलं. गुंडूच्या दारात त्याची बायको चिमणाबाई वाळवण गोळा करत होती. ज्या बाईनं त्यांच्या घरी लग्नकार्यात पहाटेपासून चूल फुंकली होती, तिनं त्यांच्याकडं अनोळखी माणसाकडं बघावं तसं बघितलं.

"कोण पावणं आल्यात बघा ओ," तिनं आत हाक मारली.

पावणं. अण्णांनी तो शब्द घेतला आणि ओट्यावर बसले. गुंडू बाहेर आला, उभाच राहिला. उजव्या मनगटावर भाजल्याचा पांढुरका डाग होता.

"विजयसिंहरावांचा फोन आलता," तो म्हणाला. "उद्यापासनं या म्हणालेत. तुमीच सांगितलासा म्हणं."

"व्हय."

"का?"

अण्णांनी सांगितलं. ट्रकवाला, मूठ, सेन्सर, काटा. बाजारात माल सांगतात तसं सांगितलं, वर-खाली न करता. चिमणाबाईचे हात वाळवणावरच थांबले.

गुंडू उंबऱ्यावर टेकला. मग म्हणाला, "मूठभर हळदीनं एवढं व्हत न्हाई."

"दोनदा घातलो. दुसऱ्यांदा जास्त पडली."

"किती?"

"अर्धा किलो असंल."

"राजापुरी?"

"राजापुरी."

"म्हंजी चांगल्यातली घातलीसा," गुंडू म्हणाला. "दुसऱ्याची गाडी असती तर हलक्यातली घातली असतीसा."

चिमणाबाईनं पदर तोंडाला लावला. अण्णांनी मान खाली घातली; हसावं की काय करावं ते त्यांना कळलं नाही. तेवढ्यात गुंडूचा आवाज बदलला.

"वरीसभर मला वाटायचं, माझंच चुकलं असंल. काटा वर गेला असंल, मला दिसला नसंल. डोळं तपासून आलो की मी, सरकारी दवाखान्यात. डाक्टर म्हणला, नजर चांगली हाय. मग तर झोपच गेली."

अण्णांची नजर त्याच्या मनगटावरच्या डागावर गेली.

"आणि एक सांगू का मालक? तुमी टेम्पोत बसून गेलासा. अक्काचं तोंड तरी बघितलासा. मी घाटात गाडी राखत बसलो. अक्कानं मला कवा ड्रायव्हर म्हणून वाढलं न्हाई. पहिलं ताट माझं, म्हणायची, गुंड्याला गाडी हाणायची हाय. माझी आई गेली तवा पाच दिस हितं येऊन ऱ्हायली ती, ह्या घरात." त्यानं ओट्याकडं बोट केलं, अण्णा बसले होते तिथंच. "मला तोंडबी बघायला मिळालं न्हाई. आणि तुमी एक डाव इचारलं न्हाईसा."

हे अण्णांच्या हिशेबात कधीच नव्हतं. अक्का ही त्यांची होती, शोक त्यांचा होता, नुकसान त्यांचं होतं. त्यात आणखी कुणाचा वाटा असेल, हे त्यांना सुचलंच नव्हतं. ते म्हणाले, "न्हाई इचारलं."

चिमणाबाईनं चहा आणला. ठेवणीतल्या कपबशीत नव्हे, रोजच्या पेल्यात, पण आणला.

"नोकरीला मी तुमच्याकडं यायचो न्हाई," गुंडू म्हणाला. "विजयसिंहरावांच्याकडंच करणार."

"मी बोलवायला आलो न्हाई."

"गाडीचं काय करणार?"

"नव्वद हजाराला मागतीया वर्षाराणी. दुरुस्तीला सव्वा लाख."

"खालचं कसं हाय? क्रँक?"

"शाबूत हाय. तू येळेत बंद केलास म्हणाली."

गुंडूनं पेला खाली ठेवला. "वरीस भरंल अक्काला. जाणार असशीला की."

"जायाचं हाय."

"मला न्यायचं. त्याच गाडीतनं. चालवणार मी न्हाई."

"मला तर येत न्हाई."

"बसवेशला सांगा. आपुन दोघंबी मागं बसू."

अण्णांनी खिशातून फोन काढला. वर्षाराणीनं तो लगेच उचलला. तिला वाटलं, नव्वदवर आणखी काही मागतायत.

"हेड फेसिंगला टाक," अण्णा म्हणाले. "गाडी करायची."

"सकाळी परवडत न्हाई म्हणालता की!"

"न्हाईच परवडत," अण्णा म्हणाले. "कर."